मीडिआचा शेवट बदलावा का? इंग्लंडात बदलायचे म्हणं

परभणीचा_पडदा: मंडळी, युवक महोत्सवाला मीडिआवर, म्हणजे युरिपिडीसच्या जुन्या ग्रीक नाटकावर, एकांकिका बसवायलोय. तालमीत सगळेच मागं लागलेत की शेवट बदल, आई शुद्धीत स्वतःची लेकरं मारती हे आपल्याकडं कोण बघंल. आमचे सर म्हणले अठराव्या शतकात इंग्लंडात पण असंच करायचे. काय करायचे नेमकं?

लातूरची_ताई: तुझ्याच मीडिआचं सांगते. रिचर्ड ग्लोव्हरचं नाटक १७६७ ला लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरात झालं, त्यात पोरं मरतातच पण ती वेडाच्या भरात मारती. मुडदे तेवढेच, पाप तेवढं धुऊन काढलं. मला नाही पटत. युरिपिडीसची बाई मारू का नको म्हणून स्वतःशीच भांडती, मुलांना जवळ घेती, परत मन घट्ट करती, अन् मग आत जाती. वेड लावलं की नटीला केस सोडून किंचाळायला मिळतं, पण ते भांडण गेलं ना.

गोदाकाठचा: ग्लोव्हर तरी बरा म्हणायचा. एडमंड स्मिथच्या फेड्रात (१७०७) मूळ ग्रीक गोष्टीत मरणारा तिचा सावत्र पोरगा हिपोलिटस मरतच नाही, उलट त्याचं जमवून दिलंय. व्हाइटहेडच्या क्रिउसा नाटकात (१७५४) मूळात पोराचा बाप असलेला अपोलो देवच कापला, पोराचा बाप साधा माणूस. अन् शेक्सपिअरचा किंग लिअर तर विचारूच नका, नेहम टेट या नाटककारानं १६८१ ला लिअरची मरणारी लेक कॉर्डेलिया जिवंत ठेवून एडगरशी लग्न लावलं, विदूषक हाकलला, अन् अख्खं अठरावं शतक लोकांनी तेच बघितलं. मूळ लिअर विदूषकासकट मॅक्रेडी या नटानं १८३८ ला आणला. चांगल्याचं चांगलंच व्हावं असा तेव्हाचा आग्रह, डॉ. जॉन्सनसारख्या टीकाकाराला सुद्धा कॉर्डेलियाचं मरण सोसलं नव्हतं.

परळी_वाला: त्यांना कशाला हसता, आपली चांगुणा काय करती? चिलयाचं डोकं उखळात कांडती, कीर्तनात बाया पदर डोळ्याला लावून ऐकतात, कारण शेवटी महादेव लेकरू परत देणार हे माहीत असतं. टेटचा लिअर त्याच जातीचा. तेव्हा बघणार नाहीत हे उगं काहीतरी, बघतात, फक्त पोरगं परत येत नसलं तर काय ते तुला सांभाळावं लागंल.

परभणीचा_पडदा: मग शुद्धीतच मारतो. पण स्टेजवर का आत?

लातूरची_ताई: आतच रे. मूळात पण दाराआडून पोरांचं ओरडणंच ऐकू येतं. अन् रेकॉर्डिंग लावू नको, विंगेतून दोन बारकी पोरं ओरडव.