डीसेग्रिगेशनला मराठीत काय लिहायचं?

भाषांतरवाली: अमेरिकेतल्या १९५४च्या ब्राऊन खटल्यावरचा लेख मराठीत करतेय, सुप्रीम कोर्टाने काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या सरकारी शाळा बेकायदा ठरवल्या तो. काळ्या-गोऱ्यांना असं वेगळं ठेवणं म्हणजे सेग्रिगेशन, ते मोडणं म्हणजे डीसेग्रिगेशन. सेग्रिगेशनला 'विलगीकरण' लिहिलं तर संपादकांनी फुली मारली, म्हणे वाचकाला कोविड सेंटर आठवेल. बरं, मग डीसेग्रिगेशन? 'विलगीकरण निर्मूलन' म्हणजे डास निर्मूलनाची मोहीम वाटते. सुचवा काहीतरी.

नानाकाका: पृथक्करण. सरळ, शुद्ध शब्द आहे.

टपरीवरचा: काका, पृथक्करण लॅबमधे करतात हो. वर्णभेद लिहा, सगळ्यांना कळतं.

भाषांतरवाली: वर्णभेद मनातला पण असतो ना, हे तर कायद्याने लावलेलं होतं, वेगळी शाळा वेगळा नळ बसमधे मागची सीट. सुप्रीम कोर्टाच्याच १८९६च्या प्लेसी निकालाने त्यावर 'वेगळे पण समान' असा शिक्का मारला होता तो ब्राऊनने शाळांपुरता पुसला. भेद थोडाच संपला?

सातारकर: आमच्याकडे हॉटेलात कपबशी वेगळी असायची, त्याला काय म्हणायचे? शिवाशिव! तोच लिहा.

टपरीवरचा: नाही पटत दादा. तिकडे गोऱ्यांच्या घरात स्वैपाक काळ्या बायकाच करायच्या, पोरंही त्याच सांभाळायच्या. विटाळ असता तर चाललं असतं का? १९६०ला तिकडच्या ग्रीन्सबरो गावात चार काळ्या पोरांनी वूलवर्थ नावाच्या दुकानात टूथपेस्ट वगैरे घेतली, दुकानाने पैसे मुकाट घेतले, आणि त्याच दुकानात कॉफी प्यायला बसले तर मिळणार नाही. भानगड बरोबरीने बसण्याची होती. बसूनच राहिले मग पोरं. जुलैत काउंटर खुला झाला तेव्हा पहिल्यांदा वाढलं ते दुकानातल्याच काळ्या कर्मचाऱ्यांना.

नानाकाका: त्याला धरणे म्हणावे.

सातारकर: ठिय्या! धरणं दारात धरतात, हे आत जाऊन बसले. ठाण, ठाणं, ठिय्या एकाच घरातले असावेत असं आपलं माझं मत.

चवदार_पाणी: शिवाशिव नको हे मान्य, पण आपला संबंध नाही असंही नको. बाबासाहेबांनी १९४६मधे अमेरिकेतले काळे विचारवंत डु बॉइस यांना पत्र लिहिलं होतं, काळ्यांचा आणि आपला प्रश्न सारखा आहे म्हणून. आणि महाडचा सत्याग्रह १९२७चा, तळ्याचा हायकोर्टातला निकाल १९३७चा. रस्ता आणि कोर्ट दोन्ही इथेही होतंच की.

भाषांतरवाली: हो हो, पण माझं दुसरंही अडलंय. ब्राऊनच्याच १९५५च्या पुढच्या निकालात शाळा कधी एकत्र करायच्या त्याची तारीखच नाही, नुसतं विचारपूर्वक त्वरेने असं काहीतरी. मी 'यथावकाश' केलंय.

नानाकाका: साफ चूक! यथावकाशमधे त्वरा कुठे आहे? 'यथाशीघ्र' करा.

भाषांतरवाली: काका, व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीने गोऱ्या-काळ्यांना एकत्र बसवायला नको म्हणून १९५९ला सरकारी शाळाच बंद केल्या त्या १९६४पर्यंत. गोऱ्यांची खाजगी शाळा चालू, काळी पोरं घरी. याला शीघ्र म्हणू?

नानाकाका: त्यांनी काय केलं ते वेगळं, कोर्ट काय म्हणालं ते लिहायचं असतं. भाषांतर आहे ते, टीका नाही.

टपरीवरचा: मग कोर्टाने तारीख का नाही टाकली ते सांगा काका. दक्षिणेत बऱ्याच शाळा हलल्या त्या १९६४चा नागरी हक्कांचा कायदा आल्यावर, भेद करणाऱ्यांचा सरकारी पैसा बंद करायची सोय झाली तेव्हा. माझं मत यथावकाशलाच.