«नाटककार संपला» म्हणण्याआधी नाटक बघायचं कसं ते बोलू

तिसरी घंटा
रांग बी-१२ यांनी काल टाकलेल्या पोस्टमधलं वाक्य आधी इथे देतो: «तेंडुलकर, एलकुंचवार, आळेकर झाले आणि मराठी नाटककार संपला. आत्ताचे लेखक एकांकिका ताणून दोन अंक करतात, पात्रं अर्धी वाक्यं बोलतात, शेवट कळत नाही.»

याचा राग येतो. जुन्या नाटकाला आपण जेवढा वेळ देतो त्याच्या दशांशही नव्याला देत नाही. आळेकरांचं 'महानिर्वाण' १९७४चं. मेलेला भाऊराव स्वतःच कीर्तन करतो हे आपल्याला नाट्यगृहात शिरण्याआधी ठाऊक असतं, कारण संहिता छापलेली आहे आणि त्यावर भरपूर लिहून झालंय. नवं नाटक मात्र पहिल्या प्रयोगाला, पहिल्या झटक्यात कळलं पाहिजे! तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल' १९७२च्या डिसेंबरात आलं आणि १९ प्रयोगांनंतर ते करणाऱ्या संस्थेनेच थांबवलं. तो कौल शेवटचा धरला असता तर?

नवं नाटक बघताना एवढं करून बघा. जाताना परीक्षण वाचू नका. पहिली दहा मिनिटं गोष्ट शोधू नका, कोण प्रश्न विचारतं आणि कोण उत्तर टाळतं एवढंच बघा. पहिल्या अंकाचं शेवटचं वाक्य मध्यंतरात लिहून ठेवा. दुसऱ्या अंकात त्याचा अर्थ बदलला तर लेखकाने काम केलंय. नुसतं मोठ्या आवाजात परत आलं तर नाही केलेलं. घरी येऊन कागदावर प्रवेश उतरवा आणि प्रत्येकापुढे एकच ओळ लिहा: यानंतर काय पूर्वीसारखं उरलं नाही? जिथे ओळ कोरी राहते तिथे भरती आहे.

आणि पंचविसाव्या प्रयोगानंतर पुन्हा बघा. तोवर नाटक पाच-दहा मिनिटांनी फुगलेलं असतं. ती वाढ लेखकाची नसते, नटाच्या पदरची असते. पदरचं वाक्य बहुधा हशाच्या पाठोपाठ येतं, कारण तोच हशा आणखी एकदा हवा असतो. त्याचं पाप लेखकाच्या माथी मारू नका.

रांग बी-१२
पोस्ट माझी आहे आणि मागे घेत नाही. तिकीट काढून येणाऱ्याने कागद-पेन्सिल का आणायची? नाटक त्या रात्री, त्या खुर्चीत पोचलं पाहिजे.

ताणणं कसं दिसतं ते सांगतो. एकांकिका पाऊण तासाची, व्यावसायिक दोन अंकीला मध्यंतर धरून सव्वादोन तास हवेत. मधला वेळ कशाने भरतात? दुसऱ्या अंकाच्या तोंडाशी झालेलं सगळं पुन्हा सांगणारा प्रवेश. «मग पुढे काय झालं?» एवढंच विचारायला ठेवलेला मित्र. एक गाणं. आणि दर चार मिनिटांनी ब्लॅकआउट, कारण पात्राला रंगमंचावरून कसं बाहेर काढायचं हे लेखकाला सुचलेलं नसतं. एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'त दारातला मोडका ट्रॅक्टर बघा. त्याला माणसं अडखळतात, ठेचा लागतात, तिथेच घराची कहाणी कळते. ट्रॅक्टर म्हणजे काय यावर कुणी भाषण देत नाही. नव्यांत असं एक उदाहरण दाखवा.

गोदाकाठ
दाखवतो. 'संगीत देवबाभळी' आधी एकांकिकाच होती. प्राजक्त देशमुखांनी ती दोन अंकी केली, २०१७ला व्यावसायिक रंगभूमीवर आली. पात्रं दोनच, आवली आणि लखुबाई होऊन आलेली रखुमाई. ताणायचंच असतं तर तुम्ही म्हणता तो मित्र आणला असता, विठ्ठल-तुकाराम उभे केले असते. तसं केलेलं नाही. आवलीचा नवरा विठ्ठलाने नेला आणि रखुमाईचा विठ्ठल भक्तांनी. तक्रार एकच, दोन बाजूंनी उलगडत जाते, म्हणून दुसरा अंक लागतो. तुमच्या ट्रॅक्टरच्या जागी इथे आवलीच्या पायातला काटा आहे.

दुसरं. «मराठी नाटककार» म्हणताना तुमची नजर दादर ते कोथरूड एवढीच का फिरते? राजकुमार तांगडे यांचं 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' जालन्याकडची बोली घेऊन २०१२ला आलं. नाशिकला दत्ता पाटील सातत्याने लिहितायत. यांची नावं न घेता «संपला» म्हणणं चुकीचं आहे आणि अपमानाचंही.

ध्वनी-टेबल
«अर्धी वाक्यं बोलतात, कळत नाही» हा आरोप लेखकावर लावू नका. तो कॉलर माइकचा, म्हणजे नटाच्या अंगावर लावलेल्या छोट्या माइकचा दोष आहे.

जुन्या नाटकात एक बोलतो, दुसरा थांबतो. ध्वनीच्या टेबलावरच्या माणसाला एक फेडर (एकेका माइकचा आवाज कमी-जास्त करणारी पट्टी) वर, दुसरा खाली करायला वेळ मिळतो. मनस्विनी लता रवींद्र, इरावती कर्णिक, धर्मकीर्ती सुमंत यांच्या पिढीत माणसं घरात बोलतात तशी बोलतात, एकाचं संपायच्या आत दुसरा सुरू. दोन नट हातभर अंतरावर आले की एकाचा आवाज दोघांच्या माइकात थोडा मागे-पुढे शिरतो आणि डब्यातून आल्यासारखा पोकळ होतो. ते टाळायला एक माइक बंद केला तर नेमका पुढच्या वाक्याचा पहिला शब्द खाल्ला जातो. सगळेच उघडे ठेवावेत, तर उघड्या माइकांची संख्या दुप्पट झाली की स्पीकरचा आवाज माइकात परत शिरून शिट्टी येण्याआधीची मोकळीक ३ डेसिबलने घटते. त्यावर कॉम्प्रेसर (लहान-मोठ्या आवाजातला फरक कमी करणारं यंत्र) दाबून लावला की कुजबुज वर येते, ओरडणं खाली जातं. लेखकाने लिहिलेली चढ-उतार सपाट झाली की तुम्ही म्हणता पात्रं एकसुरी आहेत.

रांग बी-१२
मग माइक काढा! पूर्वीचे नट शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवत होते. कमावलेला आवाज नाही म्हणून यंत्र, आणि यंत्र नीट चालत नाही म्हणून प्रेक्षक दोषी? हे ऐकून घेणार नाही.

विंगेतून
पूर्वीही फूट माइक, म्हणजे रंगमंचाच्या पुढच्या कडेला ठेवलेले माइक होतेच, हे विसरू नका. आणि पूर्वीची वाक्यं फेकण्यासाठीच लिहिलेली असत. क्रियापद शेवटी, त्यावर जोर, मग टाळी. वाक्य «पण तू तर...» असं तुटत असेल तर फेकायचं काय? ते फेकलं की खोटं होतं.

तरी कॉलर माइकची बाजू मी घेणार नाही. छातीवर लावला की हनुवटी खाली गेल्यावर आवाज जाड होतो, मान वळली की पातळ. मिठी मारली की खरखर. गालावर लावला तर घाम त्यात उतरतो. त्यापेक्षा रंगमंचाच्या कडेला तीन-चार चपटे माइक. दोन माइकांमधलं अंतर नटापासून माइकाच्या अंतराच्या तिप्पट हवं, आणि पोकळ लेव्हलवर (रंगमंचावरच्या लाकडी चौथऱ्यावर) खालून फोम किंवा जुनी सतरंजी ठोकायची, नाहीतर पावलंच ऐकू येतात. ब्लॉकिंग, म्हणजे नटांच्या उभं राहण्याच्या आणि हालचालींच्या जागा, त्यानुसार करावं लागतं. दिग्दर्शक ते तालमीत करत नाहीत, प्रयोगाच्या सकाळी आठवतं.

ध्वनी-टेबल
फूट माइकवर कुजबुज पहिल्या दोन रांगांच्या मागे कुणालाच ऐकू येणार नाही, हेही लिहा ना. आणि माइक कुठलाही लावा, खरा घोळ स्पीकरचा आहे. ते रंगमंचाच्या दोन बाजूंना असतात. कानाला जो आवाज आधी पोचतो, तिथूनच माणूस बोलतोय असं वाटतं. म्हणून नट उजवीकडे आणि आवाज डावीकडून. डोळे मिटून ऐकलं तर कोण बोलतंय ते कळत नाही. स्पीकरचा आवाज नटाच्या आवाजामागून १० ते २० मिलिसेकंद उशिरा सोडला की तो नटाच्या तोंडून आल्यासारखा वाटतो. दौऱ्यात नाट्यगृह बदलतं, टेबल बदलतं, सेट लागेपर्यंत दुपार होते आणि हे करायला कुणी वेळच देत नाही.

विंगेतून
वेळ देत नाही म्हणून बोट दाखवायचं ते व्यवस्थापनाकडे दाखवा, दिग्दर्शकाकडे नको.

ध्वनी-टेबल
दिग्दर्शकाचं नाव आधी तुम्हीच घेतलंत. वर वाचा.

तिसरी घंटा
दोघेही थांबा. धागा नाटककारांचा आहे.

पण यातून मुद्दा निघतो तो सोडून द्यावासा वाटत नाही. पुण्याचं बालगंधर्व रंगमंदिर १९६८चं, ठाण्याचं गडकरी रंगायतन १९७८चं. त्या आकाराच्या सभागृहात पोचतील अशी नाटकं वेगळी लिहावी लागतात. पुण्याच्या सुदर्शन रंगमंचासारख्या छोट्या जागेत माइक लागत नाही, म्हणून तिथे लेखक शांतता लिहू शकतो. तेच नाटक मोठ्या नाट्यगृहात नेलं की शांततेच्या जागी एसीची घरघर ऐकू येते. तुम्ही कुठलं नाटक कुठे बघून मत बनवलंत, बी-१२?

रांग बी-१२
मोठ्याच नाट्यगृहांत. आणि हो, मागून.

ठीक आहे. देवबाभळीचं मान्य करतो, तिथे दुसरा अंक ताणलेला नाही. अर्ध्या वाक्यांचा आरोप छोट्या जागेत बघेपर्यंत बाजूला ठेवतो, मागे घेत नाही. ब्लॅकआउटचं मात्र कुणीही उत्तर दिलेलं नाही, कारण उत्तर नाही. मालिका लिहून लिहून हात तसा बसलाय. प्रवेश तोडायचा, पुढे जायचं. मालिकेत कॅमेरा तोडतो, इथे अंधारात खुर्च्या सरकवणारी माणसं दिसतात.

गोदाकाठ
ब्लॅकआउटबद्दल तुमचं बरोबर आहे. नाखुशीने लिहितोय, पण बरोबर आहे. राज्य नाट्य स्पर्धेतही हेच होतं, एकेका नाटकात वीस-वीस वेळा अंधार. प्रवेश बदलताना एक पात्र रंगमंचावर राहिलं आणि त्याच्या हातात पुढच्या प्रवेशाची वस्तू आली, तर अंधार लागत नाही. हे लेखकाने संहितेतच लिहायचं असतं, दिग्दर्शकावर सोडायचं नसतं.

विंगेतून
संहिता वाचायला मिळाली तर हे सगळं तपासता येईल. नवी नाटकं छापून यायला फार वेळ लागतो, तोवर प्रयोग बंद झालेले असतात. अभिवाचन कुठे असेल तर चुकवू नका. नट बसून वाचतात, माइक नाही, प्रकाश नाही. वाक्य लेखकाचं कसं आहे ते तिथे स्वच्छ कळतं.

ध्वनी-टेबल
बी-१२, पुढच्या वेळी पाचवी ते आठवी रांग, मधल्या खुर्च्या. बाल्कनीच्या खाली बसू नका, तिथे मुख्य स्पीकरचा आवाज छताने अडतो.