रायफलच्या पुंगळीची मान तडकते, काय करावं?

लेथवाला (सोलापूर):
धाकटा भाऊ टेक्सासला असतो. नेमबाजीच्या सरावासाठी .३०८ मापाच्या रायफलची काडतुसं घरीच पुन्हा भरतो, तिकडे ते चालतं. सहा वेळा वापरलेल्या ५० पुंगळ्यांपैकी (काडतुसाची पितळी नळी) ९ जणींच्या मानेला उभी चीर गेलीय. चीर केसाएवढी, पण म्हणतो नख अडकतं. मी एमआयडीसीत लेथवर आहे, पोलाद कळतं, पितळ नाही. डाग देऊन मान दुरुस्त होईल का?

तांबटकाका:
डाग अजिबात नको. तडकलेली पुंगळी मोडीत. मंगळवार पेठेतल्या आमच्या दुकानात वडील घागरीचा गळा ठोकता ठोकता मध्येच थांबायचे. "कडक झालं, आता ऐकणार नाही," म्हणायचे आणि पुन्हा भट्टीत घालायचे. पुंगळीचंही तेच. बार उडाला की मान फुगते, डायमध्ये (मापाच्या साच्यात) परत आवळते, दर फेरीला कडक होत जाते. म्हणून अधूनमधून ताव द्यायचा. बुडातली ठिणगीची टोपी काढून, अंधाऱ्या खोलीत, ज्योतीत पुंगळी फिरवत राहायची. मान जेमतेम लालसर दिसली की बाहेर. ताव फक्त मान आणि खांद्याला. बुडाला कधीच नाही! बूड मऊ पडलं तर दाब सोसत नाही, सगळं नेमबाजाच्या तोंडावर येतं. आणि तू पोलादवाला म्हणून सांगतो, पाण्यात टाकून पितळ कडक होत नाही. पाणी फक्त उष्णता बुडाकडे उतरू देत नाही.

लेथवाला:
काका, त्या ९ पैकी दोन भरून ठेवलेल्या होत्या. कपाटात बसल्या बसल्या तडकल्या.

तांबटकाका:
मग नुसता कडकपणा नाही. साफ कशाने करतो विचार. इंग्रजांच्या काळात इथल्या फौजेची काडतुसं पावसाळ्यात तबेल्यात ठेवली की अशीच चिरायची. घोड्यांच्या मुतातला अमोनिया ताणलेल्या पितळेला फोडतो, हे १९२१ साली सिद्ध झालं. भरलेल्या पुंगळीची मान गोळीने सतत ताणलेलीच असते.

लेथवाला:
विचारलं. अमोनियाचं पॉलिश! चकाकी येते म्हणून दरवेळी तेच वापरायचा.

तांबटकाका:
मग राहिलेल्या ४१ वरही माझा भरवसा नाही. आतून कुठे चीर धरली असेल ते डोळ्याला दिसत नाही. सगळा लॉट काढून टाक म्हणावं. त्या दोन भरलेल्या झाडू नकोस, गोळी उपसून दारू वेगळी काढ म्हणावं.

लेथवाला:
जड गेलं त्याला, पण ऐकलं. नव्या पुंगळ्या साबणाच्या पाण्याने धुणार आणि तिसऱ्या फेरीनंतर ताव देणार.