अनुभव धागा : आजार हाताबाहेर गेल्यावर घरातल्या वडीलधाऱ्यांनी काय मागितले?

धागाकर्ती, शिवाजी पेठ, कोल्हापूर
होळीच्या आधी तालमीची मुले स्मशानभूमीसाठी शेणी (गोवऱ्या) मागायला दारात आली आणि मला आण्णा आठवले. ७८व्या वर्षी त्यांना स्वादुपिंडाचा कर्करोग झाला आणि निदान झाले तेव्हाच तो यकृतात पोहोचला होता. त्यांच्यापुढे आजाराचे नाव काढू नका, असे आम्ही भावंडांनी डॉक्टरांना हात जोडून सांगितले. दोन महिने आम्ही ‘पोटात सूज आहे’ म्हणत राहिलो आणि तेही मान हलवत राहिले. मग एका संध्याकाळी त्यांनी गावाकडच्या गड्याला बोलावून माझ्यादेखत सांगितले, “गोठ्यातल्या पाचशे शेणी पंचगंगेवर पोचवा. माझ्या वाटणीच्या हायत.” महापालिका तिथे अंत्यसंस्कार विनामूल्य करते, हे त्यांना माहीत होते, तरीही आपला भार दुसऱ्यावर नको, एवढेच त्यांच्या मनात होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “मला समदं ठावं हाय. आता कुठं न्हेऊ नगासा.” पुढचे १९ दिवस आम्ही त्यांच्याशी खरे बोललो. आधीचे दोन महिने वाया घालवले, हे मला अजून खुपते. आपल्या घरी काय घडले, ते कृपया लिहावे.

कसबा बावडा
मुलांचे डबे भरता भरता लिहिते आहे. आईला आम्ही चार वेळा महालक्ष्मी एक्सप्रेसने परळच्या टाटा रुग्णालयात नेले. केस गेल्याचे तिला काही वाटले नाही; पण पांढऱ्या रश्श्याची चव लागेनाशी झाली, तेव्हा तिने पाचवे तिकीट काढू दिले नाही. नंतर ती चमचाभर रस्सा जिभेवर धरून डोळे मिटून बसायची.

निवृत्त परिचारिका, राजारामपुरी
तीव्र वेदनांवरचे मॉर्फीन सुरू केले म्हणजे आता संपले का, हा प्रश्न मला प्रत्येक घरात विचारला गेला. तसे नसते. साधी गोळी दर चार तासांनी घड्याळ लावून द्यायची असते, कळ उठण्याची वाट पाहायची नसते, आणि पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासून सोबत द्यावे लागते. २०१४ साली अमली पदार्थांचा कायदा बदलल्यापासून मान्यताप्राप्त रुग्णालयांना ते ठेवणे सोपे झाले आहे. सवय लागेल या भीतीने मुले गोळी लपवून ठेवतात आणि म्हातारी माणसे दात आवळून पडून राहतात. कृपया असे करू नका.

उचगाव
सगळ्यांनाच थांबायचे असते, असे मात्र नाही. माझे मामा ८१ वर्षांचे होते. “मला विचारल्याबिगर कायबी थांबवायचं न्हाई,” असे त्यांनी डॉक्टरांसमोर बजावले आणि शेवटच्या आठवड्यापर्यंत सलाइन लावून घेतले. मला ते बघवत नव्हते, पण निर्णय त्यांचा होता.

शिरोळ
आमच्या आजीने सल्लेखना, म्हणजे अन्नपाणी हळूहळू सोडून देह ठेवण्याचे जैन व्रत, घेण्याची इच्छा सांगितली, तेव्हा घरात दोन तट पडले. २०१५ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने ती बेकायदा ठरवली होती आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली, हे वकील काकांनी समजावले. प्रत्यक्षात व्रत घेण्याची वेळ आलीच नाही, कारण तिची भूक आपोआप मावळली. शेवटी शेवटी तसे होतेच, जबरदस्तीने भरवल्यास ठसका लागतो, असे डॉक्टर म्हणाले. आम्ही ओल्या कापसाने तिचे ओठ पुसत होतो. तिला हवे होते तेवढेच घडले.

कसबा बावडा
ताई, शेवटी नुसते लांबवणारे उपचार नकोत, अशी इच्छा आधीच कागदावर लिहून ठेवता येते का?

धागाकर्ती
येते, वहिनी. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली त्याला मान्यता दिली, पण तेव्हा न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागत असे. जानेवारी २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत. आपल्या वतीने कोणी बोलायचे, त्यांची नावेही त्यात लिहायची असतात. माझ्या आईने परवा स्वतःहून विषय काढला आणि भावाच्या आधी माझे नाव घालायला सांगितले. मंगळवारी आम्ही नोटरीकडे जाणार आहोत.