समुद्रातून पकडलेला मासा घरच्या टाकीत ठेवावा का?

खारेपाणी (ठाणे):
मासे हॅचरीत, म्हणजे टाक्यांत पैदास करणाऱ्या केंद्रात, वाढलेलेच घ्यावेत आणि जिवंत पोवळं अजिबात नको, हे माझं ठाम मत. दगडी पोवळ्याला २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या रांगेत जागा आहे. तरी दुकानदार "काही होत नाही हो" म्हणत पिशवीत बांधून देतात. माझ्याकडे क्लाउनफिशची जोडी आहे. मादी आडव्या ठेवलेल्या मातीच्या कुंडीत केशरी अंडी घालते, नर आठवडाभर परांनी पाणी हलवत राखण करतो. शेवटी अंड्यांत चंदेरी डोळे चमकायला लागतात. घरात हे होत असताना समुद्रातला मासा कशाला उचलायचा?

तारकर्लीकर:
मी मालवणात डायव्हिंगला माणसं नेतो. दादा, तुमची टाकी बघून शेजारचा मुलगा 'निमो', म्हणजे सिनेमातला क्लाउनफिश, मागणार. त्याला दुकानात मिळेल तो कुठला, कोण तपासतं? बांगाई कार्डिनल बघा. इंडोनेशियातल्या बांगाई बेटांचा मासा. नर तोंडात अंडी उबवतो, पिल्लं जन्मल्या जागेच्या आसपासच राहतात. एका ठिकाणचे उपसले की ती जागा रिकामी. त्याची टाकीत पैदास होते, तरी समुद्रातून उपसा चालूच राहिला आणि २००७ मध्ये तो संकटग्रस्त ठरला.

रीफवेडी (पुणे):
मला दोघांचंही पटत नाही. हातजाळीने मोजके मासे धरणाऱ्याचं पोट प्रवाळ जगण्यावरच असतं, तो स्वतःच राखण करतो. विरोध सायनाइडला करा. फिलिपिन्समध्ये १९६० च्या दशकापासून ते फवारतात. मासा गुंगतो, पोवळं मरतं. आणि २०२४ ला लक्षद्वीपचं प्रवाळ पांढरं पडलं ते पाणी तापल्यामुळे, टाक्यांमुळे नाही.

तारकर्लीकर:
ताई, तापाने फणफणलेल्याची काळजी घेणाऱ्यांनाच उचलून न्यायचं का? शेवाळ चरणारे मासे गेले की खडकावर शेवाळ माजतं, नवं पोवळं बसायला जागा उरत नाही.

खारेपाणी:
ताई, हातजाळीचा की सायनाइडचा, हे पिशवीवर लिहिलेलं नसतं. म्हणून मी हॅचरीवर अडून बसतो. दादा, शेजाऱ्यांचा मुद्दा मान्य. ज्याची टाकी महिना-दोन महिने माशांविना नीट चालली आहे, म्हणजे पाणी माशांसाठी तयार झालं आहे, त्यालाच यापुढे माझी पिल्लं देईन.

तारकर्लीकर:
आणि टाकीतले दगड कुठले?

खारेपाणी:
सहा वर्षांपूर्वी दुकानातून घेतले. भोकाभोकांचे, हलके आहेत. म्हणजे पोवळ्याचेच असणार. तेव्हा मी विचारलं नव्हतं.