सल्ला हवा : रिमोटचं इलेक्ट्रिक हेलिकॉप्टर, सुरुवात कशाने करू?

मेहरूणची_बोरं
राम राम मंडळी. मुक्काम जळगाव, वय ३८. मुलाच्या नावाखाली खरेदी करायची आहे. उडवणार मीच, हे घरात सगळ्यांनी ओळखलंय. ४५० साईजची हेलिकॉप्टरं उलटी होऊन घिरट्या घालतानाचे व्हिडिओ बघून डोकं फिरलंय. बजेट दहा हजार. थेट तेच घेऊ का? जागेचा प्रश्न नाही, चोपड्याकडे आमचं शेत आहे.

काळीमाती
४५० ला आत्ता हात लावू नका भो. रोटरचा (वरच्या फिरत्या पात्यांचा) व्यास सव्वादोन फुटांच्या आसपास असतो, फिरतं पातं बोट घेऊन जातं. ड्रोनची कांडी सोडली की तो बऱ्यापैकी जागेवर थांबतो, हे नाही थांबत.

आधी सिम्युलेटर, म्हणजे कॉम्प्युटरवर उडवायचा सराव. रिमोट कॉम्प्युटरला जोडता येईल असाच घ्या, थ्रॉटल, म्हणजे वर-खाली नेणारी कांडी, डाव्या हाताला (याला मोड २ म्हणतात). शेपूट आपल्याकडे ठेवून तरंगणं चार दिवसांत जमतं. नाक आपल्याकडे वळलं की डावं-उजवं उलटं होतं आणि तिथेच सगळे आपटतात. ते स्क्रीनवर आपटून घ्या, फुकटात.

तापीकाठ
+१. मॉडेल निवडताना एवढं बघा : फिक्स्ड पिचमध्ये वर-खाली जायला मोटरचा वेग बदलतो, कलेक्टिव्ह पिचमध्ये वेग जवळपास तोच राहून पात्यांचा कोन बदलतो. उलटं उडणारी सगळी दुसऱ्या जातीची. तुम्ही व्ही९११ सारख्या तळहाताएवढ्या फिक्स्ड पिचने हात बसवा, मग के११० या छोट्या कलेक्टिव्ह पिचकडे जा. आपटली तरी हलकी असल्याने फार मोडत नाहीत. पाती आणि गिअर मात्र जास्तीचे मागवून ठेवा.

भरीत_पार्टी
बॅटरीबद्दल कोणीच बोललं नाही? आपल्याकडे खरा शत्रू तीच. मागच्या मे महिन्यात माझी ३ सेलची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी तासभर गाडीच्या डिकीत राहिली. संध्याकाळी बघतो तर टम्म पुरी. पाण्यात गेले पैसे, पण पेटली नाही हे नशीब.

तेव्हापासून : फुल चार्ज म्हणजे सेलला ४.२ व्होल्ट, तसं भरून दिवसेंदिवस ठेवायचं नाही. ठेवायची तर ३.८ वर. उडवताना २० टक्के शिल्लक असतानाच उतरायचं. बॅटरी २२०० एमएएच असेल तर चार्जिंग २.२ अँपियरने, बॅलन्स चार्जरवर (तो सगळे सेल सारखे भरतो). उडवून आणलेली गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका. चार्जिंग फरशीवर, समोर बसून. गादीवर तर अजिबात नाही. फुगलेली परत वापरायची नाही, कितीही जीव तुटला तरी.

उन्हाळ्यात सकाळी साडेसातच्या आत आटपा. नंतर ऊन आणि वावटळ, दोन्ही.

मेहरूणची_बोरं
बापरे. बरं झालं विचारलं. मग शेतात थेट उडवलं तर चालेल ना?

काळीमाती
कापूस काढून झालेल्या वावरात पऱ्हाट्यांचे खुंट असतात, उन्हाळ्यात भेगा. स्किडचा एक पाय अडकला आणि तुम्ही थ्रॉटल दिला की ते जागेवरच कलंडतं आणि पाती जमिनीवर. प्लायवूडचा तुकडा किंवा जुनी सतरंजी ताणून टाका, कडा दगडांनी दाबा. उचलल्यावर वीतभर उंचीवर रेंगाळू नका, तिथे त्याचीच हवा जमिनीवरून परत येऊन त्याला ढकलते. सरळ कमरेएवढं वर न्या, तिथे शांत असतं. शेजारच्याच्या केळीत घुसवू नका म्हणजे झालं.

तापीकाठ
आणि नियम. ड्रोन नियम २०२१ नुसार २५० ग्रॅमपर्यंतचं नॅनो वर्गात येतं, वर सांगितलेली दोन्ही त्यात बसतात. तरी जळगाव विमानतळाच्या बाजूला उडवू नका. चोपडा लांब आहे, पण ड्रोन कुठे उडवता येतं ते दाखवणारा सरकारी नकाशा एकदा बघून घ्या.

मेहरूणची_बोरं
रिमोट आणि सिम्युलेटर मागवला. बायको विचारते, "हेलिकॉप्टर कुठाय?" म्हटलं, कॉम्प्युटरमध्ये. ती काही बोलली नाही, पण तिची नजर बोलली.

भरीत_पार्टी
संक्रांतीच्या आसपास खरं उडवायला काढाल तर गावाबाहेर काढा. माझ्या रोटरमध्ये मांजा गुंडाळला होता, सोडवायला रविवार गेला.