मदत हवी आहे: घरच्या बिअरला बाटलीत गॅसच धरत नाहीये

फेसाळ:
पेल एल (फिकट रंगाची बिअर) केली, फर्मेंटेशन नीट झालं, साखर घालून बाटल्या भरल्या, आता उघडली की नुसतं फुस्स आणि ग्लासात फेसाची रेघसुद्धा नाही, चव छान आहे पण पार फ्लॅट. शनिवारी लोकं येणारेत. सगळ्या उघडून परत साखर घालू का? लवकर सांगा.

रानवाट:
किती लिटर, साखर कुठली न् किती, भरून किती दिवस झाले, ठेवल्यात कुठे? यातलं काहीच लिहिलं नाहीये.

फेसाळ:
१९ लिटर, ११५ ग्रॅम डेक्स्ट्रोज, पाण्यात उकळून घातलं. दहा दिवस झाले. बेसमेंटमध्ये आहेत.

माल्टवाली:
माझं ऐका, केग म्हणजे बिअरचं स्टीलचं पिंप घ्या. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर जोडला की आठवड्यात काम होतं. बाटल्यांचा व्याप मी कधीच सोडला.

रानवाट:
अहो माल्टवालीताई, त्यांनी भरलेल्या बाटल्या आता केगमध्ये ओतायच्या का? हवा लागून ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येईल. फेसाळ, साखर बरोबर आहे, लिटरला ६ ग्रॅम म्हणजे सव्वादोन-अडीच व्हॉल्यूम, लिटरभर बिअरमध्ये तितके लिटर गॅस. बेसमेंटचं तापमान किती?

माल्टवाली:
पुढच्या वेळसाठी सांगितलं हो.

पुणेकर_७:
आमच्याकडे पुण्यात घरी करता येईल का? साहित्य कुठे मिळतं?

जुना_सभासद:
नाही. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने मोकळीक मिळाली, घरात दोन सज्ञान माणसं असतील तर वर्षाला २०० गॅलन, तेही विकायची नाही.

फेसाळ:
अमेरिकेतलं थंडगार मिनिआपोलिस, जानेवारी. आत्ता बघून आलो, १३ अंश. यीस्ट यूएस-०५, एलचं.

रानवाट:
मग तिथेच अडलंय. बाटलीतली साखर खाऊन यीस्टच गॅस करतं, आणि एलचं यीस्ट १३ ला पेंगतं. बाटल्या वर घरात आणा, २० ते २२ अंशात अजून दोन-तीन आठवडे ठेवा, एकेक हळूच उलटीसुलटी करा म्हणजे तळाला बसलेलं यीस्ट उठेल. मग दोन दिवस फ्रिजमध्ये, थंड बिअरमध्ये गॅस विरघळून राहतो. आणि साखर अजिबात घालू नका!! आधीची तशीच पडून आहे, ऊब मिळाली की दोन्ही मिळून बाटल्या फुटतील, काचा उडतात, डोळ्याला लागलं तर काय करणार.

माल्टवाली:
हे मात्र खरं. खोकी झाकून ठेवा. आणि बाटल्या फिरवून उघडायच्या झाकणाच्या तर नाहीत ना? तसल्यांवर हाताच्या कॅपरने (झाकण दाबून बसवायच्या यंत्राने) झाकण नीट बसत नाही, गॅस झिरपतो.

फेसाळ:
काही तशा आहेत, दुकानातल्या बिअरच्या धुवून घेतलेल्या. उघडल्या त्या दोन्ही त्यातल्याच. बाकीच्या शनिवारपर्यंत होतील का?

माल्टवाली:
मग आधी साधी झाकणवाली एक थंड करून उघडा, त्याशिवाय काही कळायचं नाही.

रानवाट:
उघडा, पण शनिवारपर्यंत नाही व्हायच्या. पाहुण्यांसाठी दुकानातून आणा.